मोकळा दहावा हिस्सा

मी, एल्वा गार्नोतेल, वय वर्षे एकसष्ट, धंद्याने घंटा ओतणारा ओतारी, राहणार ऊर्स-लिब्र, मर्न नदीकाठ, एक आणि अविभाज्य अशा फ्रेंच प्रजासत्ताकाचा नागरिक, आज वर्ष दुसरे, जर्मिनाल महिन्याची सतरावी तारीख, कोणाच्या दडपणाशिवाय, वाइनच्या थेंबाशिवाय आणि बायकोच्या सल्ल्याशिवाय हा कागद स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. बायकोचे मत वेगळे असल्यास तिने ते वेगळ्या कागदावर नोंदवावे. कान तर नको इतके शाबूत आहेत. समोरचा बेकरीवाला रोमें बोदुआँ गिऱ्हाइकाला "पाव संपला" म्हणतो तेव्हा त्याचा आवाज किंचित वर चढला तर दोन पाव फळीमागे आहेत, हे मला माझ्या खिडकीतून कळते.

गावाच्या नावाचा घोळ होऊ नये म्हणून लिहितो. पूर्वीच्या कागदांत सां-ऊर्स असे आहे, म्हणजे संत ऊर्स यांचे गाव. गेल्या हेमंतात संतांना रजा मिळाली आणि त्यांच्या जागी "लिब्र", म्हणजे मुक्त, हा शब्द आला. आता ऊर्स म्हणजे आमच्यात अस्वल. तेव्हा कागदोपत्री आम्ही मोकळ्या सुटलेल्या अस्वलाचे रहिवासी आहोत. वाटणीवर याचा काही परिणाम होऊ नये.

मृत्युपत्र आजच का, असे कोणी विचारील. उद्या सकाळी मला न्यायालयात साक्ष द्यायची आहे. ओतारी हिलेर देस्कॉम्ब याच्यावर प्रजासत्ताकाशी दगा केल्याचा आरोप आहे आणि त्याची मान माझ्या चार वाक्यांवर आहे. मी साक्षीदार म्हणून आत जाईन. बाहेर कोण म्हणून येईन ते आज सांगता येत नाही, कारण ती चार वाक्ये ज्याच्याविरुद्ध जातात तो आमच्या देखरेख समितीचा अध्यक्ष आहे. मी दोषी ठरलो तर माझे सगळे कायद्याने प्रजासत्ताकाचे होईल आणि हा कागद शेगडी पेटवायला जाईल. तरी लिहितो. घंटा फुटेल या भीतीने ओतारी साचा वाकडा करत नाही.

नव्या दिनगणनेत प्रत्येक दिवसाला झाडाचे, जनावराचे नाहीतर अवजाराचे नाव आहे. उद्याचा दिवस एका विषारी झुडपाचा आणि परवाचा मुळ्याचा. हे मी बायकोला, पेरिनला, वाचून दाखवले.

ती म्हणाली, "अहो, तो विषाचा दिवस तेवढा सांभाळून काढा. मुळ्याचं मी बघते."

तिने मला "अहो" म्हणणेही सध्या नियमात बसत नाही. सर्वांनी सर्वांना "तू" म्हणावे असा ठराव आहे. तिचे म्हणणे, घरात समिती नाही.

कलम पहिले. यंदाच्या थंडीत नवा वारसा कायदा आला. त्याप्रमाणे मुलांना समसमान वाटणी करावी लागते. बापाच्या लहरीला फक्त दहावा हिस्सा मोकळा आहे, आणि तोही वारसाला देता येत नाही, परक्यालाच द्यावा लागतो. कायदा करणाऱ्यांनी माझ्या डोक्याचा बराच ताप वाचवला. माझी दोन मुले, ओदिल आणि फिरमँ, यांनी निम्मे निम्मे घ्यावे. पेरिनचे जे अर्धे आहे ते तिचेच आहे, ते मी देणारा कोण?

कलम दुसरे. राहते घर फिरमँला आणि घंटाशाळा, भट्टीसह, ओदिलला. किमतीत फरक निघाला तर त्यांनी आपसात भागवावा आणि नोटरीला त्याची खबर लागू देऊ नये. फिरमँ ऱ्हाईनच्या सैन्यात तोफेवर गोलंदाज आहे. तो परत आला की त्याला चार भिंती लागतील. ओदिल पिंपे करणाऱ्या गाँद्रेची बायको आहे. जावई म्हणेल, बाईमाणसाला भट्टी कशाला? जावयाने एकदा भरले पिंप आणि रिकामे पिंप बोटाने वाजवून बघावे. फरक त्याला तिनेच शिकवला आहे.

कलम तिसरे, हत्यारे. घंटेचा आकार कापायची माझी अक्रोडाची फळी ओदिलला. ती फळी मी घेतली तेव्हा माझ्याकडे दुसरे काहीही नव्हते. मला आईबाप नाहीत. गार्नोतेल हे नाव ज्या बाईने मला दूध पाजले तिच्या नवऱ्याचे आहे. भटक्या ओताऱ्यांच्या मागे मी गावोगाव चाललो. माती, घोड्याची लीद आणि बकऱ्याचे केस मळून साचा लिंपायला शिकलो, आणि अठ्ठावीस गावांत माझी घंटा टांगली. त्यांतल्या आता सहा उरल्या असतील. बाकीच्या देशाने मागून घेतल्या. प्रत्येक चर्चला एक घंटा ठेवून उरलेल्यांच्या तोफा करायच्या असा हुकूम आहे; आमचे चर्च आता चर्च राहिले नाही, तेव्हा आमची तीही एक गेली. राजा जाऊन सव्वा वर्ष झाले, चहूबाजूंनी राजे आमच्यावर चालून आले आहेत, तळघराची माती खरवडून आम्ही तोफांच्या दारूसाठी सोरा काढतो आहोत. अशा वेळी घंटेवर कोण रडणार? मी एकदाच रडलो, त्याचे पुढे येते.

कलम चौथे, राग. दहाव्या हिश्श्यात माझे सगळे राग बसत नाहीत असे दिसून आल्यावरून ते नुसतेच लिहून ठेवतो, कारण शब्दांवर कायद्याची मर्यादा नाही. ज्या पाद्र्याने घंटेला गळफास लागावा असा दोर दिला आणि नंतर म्हणाला की ओताऱ्याने कडी कमजोर केली, त्याला मी माफ केलेले नाही. शेजारचा कोंबडा ज्या कोणाचा आहे त्यालाही नाही. उरलेले सगळे राग हिलेर देस्कॉम्बचे आहेत.

देस्कॉम्ब हा तीन पिढ्यांचा ओतारी. माझ्या भट्टीच्या दुप्पट त्याची भट्टी. माणूस इतका रीतीचा की कुत्र्यालाही "या, बसा" म्हणतो. मलाही तो "तुम्ही" म्हणतो, पण असा, की ऐकणाऱ्याला आपण त्या कुत्र्याच्या खाली बसलो आहोत असे वाटावे. एकतीस वर्षांपूर्वी मी आमच्या चर्चसाठी मारी-अन ही मोठी घंटा ओतली. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा सगळे गाव अंगणात होते. देस्कॉम्बने हॅट काढली, मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाला, "आवाज उत्तम आहे, गार्नोतेल. तुमच्या घंटेला फक्त सर्दी झाली आहे."

त्या दिवसापासून गावाने तिचे नाव सर्दीवाली ठेवले. लग्नाला सर्दीवाली, मयताला सर्दीवाली. आता मरायला टेकलो आहे म्हणून लिहितो, थोडे पडसे होतेच. ओतताना धार एकदा क्षणभर तुटली होती. ते फक्त दोघांना कळले, मला आणि त्याला. मी त्याला माफ न करण्याचे कारण तेच आहे.

कलम पाचवे. हे कलम सावकाश वाचावे. दहावा हिस्सा यातच आहे.

पावसाच्या महिन्यात, म्हणजे नव्या नावाने प्लुव्हिओजमध्ये, देस्कॉम्बला बारा तोफा ओतायचा हुकूम मिळाला. मला मिळाला नाही, कारण माझी भट्टी लहान. आसपासच्या घंटा त्याच्या अंगणात आणून टाकल्या. त्यांत मारी-अन होती. मी तिला बघायला गेलो, मागच्या फाटकाने, कारण पुढच्या फाटकाने गेलो असतो तर त्याला नमस्कार करावा लागला असता. घंटांच्या ढिगामागे मी तिच्या कडेवर हात ठेवून उभा होतो आणि डोळ्यांत पाणी आले होते, म्हणून बाहेर आलो नाही. तेवढ्यात देखरेख समितीचा अध्यक्ष सिप्रियँ वालाद आला. वालाद पूर्वी सरदारांसाठी केसांचे टोप करायचा. डोकी मोकळी झाली, टोप बंद पडले, मग तो राजकारणात गेला. माणूस लबाड नाही. घाई मात्र फार.

देस्कॉम्ब त्याला म्हणाला, "नागरिक अध्यक्ष, यात तांबं घालावं लागेल. घंटेच्या काशात कथील फार असतं."

"तांबं कुठून आणू? सगळं जहाजांना गेलं. अरे हिलेर, घंटा कशाची?"

"काशाची."

"तोफ कशाची?"

"काशाचीच, पण तुम्हाला हे समजून घ्यावं लागेल की..."

"तुम्हाला? माझ्या मागे आणखी कोणी उभं आहे का? इथे आपण सगळे तू आहोत. कासं म्हणजे कासं, हिलेर. आणि आधी म्हण बघू, तू."

देस्कॉम्बचे कान लाल झाले. मी ढिगाच्या फटीतून पाहिले. घंटेच्या काशात पाचात एक भाग कथील असते, म्हणून ते गाते. तोफेच्या काशात दहात एक, म्हणून ते मार सोसते. घंटेचे कासे तसेच तोफेत ओतले तर पहिल्या धक्क्याला काचेसारखे उडते. हे समजवायला दोन वाक्ये पुरली असती. पण त्या दोन वाक्यांत कुठेतरी "तू" आला असता, आणि तीन पिढ्यांच्या ओताऱ्याच्या तोंडून टोपवाल्यासाठी तो शब्द निघेना.

"जशी आज्ञा," एवढे म्हणून त्याने हॅट घातली आणि भट्टीकडे गेला.

आणि मी? मला बाहेर यायला चार पावले होती. वालादला अरे-तुरे करायला मला काहीच अडचण नव्हती, मी सगळ्या गावाला पूर्वीपासून अरे-तुरे करतो. मी आलो नाही. तेव्हा मनात काय आले ते जसेच्या तसे लिहितो: फुटू दे याची तोफ, मग बघू सर्दी कोणाला होते.

तोफ फुटली. नदीकाठच्या कुरणात चाचणी होती. रेमों पिको या गोलंदाजाचा उजवा हात कोपरापासून गेला. वय तेवीस, आमच्या फिरमँएवढा. मी ते मारी-अनचे ओरडणे घरी बसून ऐकले.

वालादचे म्हणणे असे की कासे ते कासे, तेव्हा तोफ आपोआप फुटत नाही, देस्कॉम्बने तिच्यात काहीतरी घातले. तो हे मनापासून म्हणतो आहे, म्हणून जास्त धोका. शिवाय दगा एकाच तोफेत असेल तर उरलेल्या अकरा चांगल्या ठरतात. त्यांची चाचणी करायला दारू नाही. त्या ऱ्हाईनकडे निघायच्या आहेत, जिथे फिरमँ उभा आहे.

तेव्हा उद्या मी न्यायालयात मी ऐकलेले सांगणार आहे, आणि ऐकून गप्प बसलो हेही. एकच गोष्ट गिळणार आहे. देस्कॉम्ब "तू" या शब्दासाठी गप्प राहिला, हे सांगणार नाही. आजच्या दिवसांत "तू" म्हणायला नकार देणारा माणूस अर्धा सरदार ठरतो आणि अर्ध्या सरदाराचीही मान पूर्णच जाते. हा कागद उघडेल तेव्हा हवा बदललेली असेल, म्हणून येथे लिहिले.

हे सगळे करूनही तो दोषी ठरला तर त्याचे घर, भट्टी, अंगण सगळे जप्त होईल आणि त्याची बायको सोलांज रस्त्यावर येईल. म्हणून माझा मोकळा दहावा हिस्सा, म्हणजे नदीकाठची माझी मातीची खाण आणि तिच्या लगतचे दोन खोल्यांचे घर, मी नागरिका सोलांज देस्कॉम्ब हिला देत आहे.

पेरिनला हे सांगितले तेव्हा ती शेंगा सोलत होती.

"एकतीस वर्षं त्या घराण्याला शिव्या घातल्यात, आणि आता घर?"

"शिव्या त्याला. घर तिला."

"ती सोलांज माझ्याकडून कधी अंडंसुद्धा उसनं नेत नाही."

"म्हणून तर मृत्युपत्रात देतो आहे. मेलेल्याला नको म्हणता येत नाही."

पेरिनने हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, "खाणीकडचं कौल गळतं. मेल्यावर देणार असाल तर आधी शाकारून द्या."

कलम सहावे. मला पुरताना भाषण नको. घंटा नसेलच. ओदिलने हातोडीने काहीही एकदा वाजवावे आणि सूर चुकला तर पुन्हा वाजवू नये.

साक्षीदारांच्या सह्या आज मिळत नाहीत. नोटरी प्रोस्पेर गिमार याला पोटदुखी आहे, बोदुआँला नेमके आजच पीठ चाळायचे आहे. त्यांना मी दोष देत नाही. निकालानंतर जे जगतील त्यांच्या सह्या घ्याव्यात.

जर्मिनालची विसावी. पुरवणी, त्याच हाताने.

न्यायालय पूर्वीच्या चर्चमध्ये, आताच्या बुद्धिमंदिरात भरले. जागा आवाजाला उत्तम. वर घंटाघर रिकामे, त्यामुळे खालचा प्रत्येक खोकला वर जाऊन परत येतो. सोलांज मधल्या रांगेत विणकाम घेऊन बसली होती. देस्कॉम्ब ताठ उभा. हॅट नाही म्हणून त्याला हातांचे काय करावे ते कळत नव्हते.

मी फुटक्या तोफेचा एक तुकडा मागितला. शिवाय वेशीच्या कोपऱ्यावर गाड्यांची चाके अडवायला पुरलेल्या जुन्या तोफेचाही एक तुकडा तोडून आणला होता. तो आधी दोरीला टांगला आणि हातोडी मारली. ठप्प. मग फुटक्या तोफेचा तुकडा टांगला आणि तेवढ्याच जोराने मारली. तो गायला. घुमटात जाऊन परत आला आणि तरी गातच होता.

मागच्या बाकावरून एका म्हातारीचा आवाज आला, "अगं बाई, ही तर आपली सर्दीवाली!"

सगळीकडे कुजबुज झाली. पंचांमधला एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "माझ्या लग्नाला हीच होती रे." तुकड्याचा सूर घंटेच्या सुरासारखा नसतो, हे कोणत्याही ओताऱ्याला कळते. मी कोणाला दुरुस्त केले नाही. त्यांना जे ऐकू आले ते साक्षीपेक्षा मोठे होते.

मी म्हणालो, "नागरिकहो, तोफेने गाऊ नये. ही गाते, म्हणजे हिच्यात तांबं घातलेलं नाही. उरलेल्या अकराही अशाच गातील. अंगणात जाऊन वाजवा, दारू लागत नाही." मग वालाद काय म्हणाला आणि मी कुठे उभा होतो ते सांगितले.

न्यायाधीश म्हणाला, "तू ऐकलंस आणि गप्प बसलास?"

"होय."

"कशासाठी?"

"एकतीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या घंटेला नाव ठेवलं म्हणून."

लोक हसले. पिको पुढच्या बाकावर बसला होता, बाही दुमडून टाचणी लावलेली. तो हसला नाही. त्याच्याकडे पाहिल्यावर बाकीचेही थांबले.

वालाद उठला. मला वाटले आता माझे नाव घेणार. पण त्याने लाल टोपी काढून हातात घेतली.

"मी तसं म्हणालो होतो," तो म्हणाला. "कासं म्हणजे कासं, हेच शब्द. मला माहीत नव्हतं. पण याला माहीत होतं! हिलेर, मी टोप करणारा माणूस. तू ओतारी. तू का बोलला नाहीस?"

हाच प्रश्न मी गिळलेल्या वाक्याच्या दाराशी उभा होता. सोलांजच्या सुया थांबल्या. मला देस्कॉम्बच्या श्वासाचा आवाज येत होता. "तुम्ही" या शब्दाने सुरुवात झाली असती तर सरकारी वकिलाला पुढे काही बोलायची गरज उरली नसती, आणि त्या तोंडातून दुसऱ्या शब्दाने सुरू झालेले वाक्य मी उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

"सिप्रियँ," तो म्हणाला, आणि थांबला. ओठ ओले केले. "तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस. आणि मी बोलायचं सोडून दिलं. तुझी एक चूक. माझी त्याहून मोठी, कारण मला माहीत होतं."

त्याने "तू" असा उच्चारला, जसा एखादा परदेशी माणूस पहिल्यांदा आमची भाषा बोलतो. पंच बाहेर गेले आणि लगेच परत आले. दगा नाही. अकरा तोफा मोडून, तांबे घालून पुन्हा ओताव्यात. देस्कॉम्बने ते काम विनामोबदला करावे, आणि ऐकून गप्प बसल्याबद्दल एल्वा गार्नोतेल याने काम पुरे होईपर्यंत देस्कॉम्बच्या हाताखाली राबावे. याहून गिलोटिन परवडले असते असे मी घरी आल्यावर म्हणालो. पेरिनने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

तांबे बायकांनी दिले. किटल्या, पातेली, जॅमच्या कढया. पहिले ढिगात पडले ते वालादचे टोप धुवायचे तांब्याचे कुंड.

आज दशमी वार, नव्या दहा दिवसांच्या आठवड्यातला सुट्टीचा दिवस. नोटरी गिमारची पोटदुखी बरी झाली, बोदुआँचे पीठ चाळून झाले, दोघे सह्यांसाठी आले. त्यांच्या मागोमाग देस्कॉम्ब, हॅट घालून. बायकांच्यात गोष्ट राहत नाही, तेव्हा पेरिनने सोलांजला सांगितले होते.

"गार्नोतेल, तुम्ही माझ्या बायकोला घर लिहून दिलंत असं ऐकतो."

"दिलंय."

"ते खोडा."

"खोडाखोड केलेला कागद चालत नाही, असं गिमार म्हणतो."

"मग मी साक्षीदार म्हणून सही करतो." तो नोटरीकडे वळला. "साक्षीदाराच्या घरात मृत्युपत्रातलं काही जात नाही ना?"

"नाही जात," गिमार म्हणाला. "त्याच्या बायकोलाही नाही."

"उत्तम." त्याने हॅट काढली, माझ्याच खुर्चीत बसला आणि शाईत लेखणी बुडवली. सही केली नाही. लेखणीवरून थेंब पडेल म्हणून मी टिपकागद पुढे केला.

"तो पिको," देस्कॉम्ब म्हणाला. "त्याच्या घरी कोण आहे?"

"आई."

"दोन खोल्या पुरतील?"

"कौल गळतं."

"कौल मी घालून देतो." त्याने लेखणी पुन्हा शाईत बुडवली. "तुमचा तो हिस्सा मोकळा होतो आहे. त्याला लिहा."

"कशापोटी लिहू? नोटरीला कारण लागतं."

"आपण दोघं बोललो नाही, त्यापोटी."

नोटरीने वर पाहिले. बोदुआँ म्हणाला, "लिही रे एल्वा, लिही. पाव जळतोय माझा." पाव जळत नव्हता, भट्टी बंद होती. मला वासावरूनही कळते.

त्यावरून मी लिहितो: कलम पाचमधील देणगी साक्षीदाराच्या पत्नीला असल्याने बाद ठरली. तोच मोकळा दहावा हिस्सा, खाण आणि दोन खोल्यांचे घर, मी गोलंदाज रेमों पिको यास देत आहे, आम्हा दोघांच्या गप्प बसण्यापोटी. आणि हे माझ्या मरणानंतर नव्हे. घर त्याला आजच मिळावे. मरेपर्यंत थांबणे म्हणजे पुन्हा गप्प बसणेच झाले. गिमार म्हणाला, हे मृत्युपत्रात बसत नाही, याला दानपत्र म्हणतात. मी म्हटले, बसव.

कागद वाळला की मी आणि देस्कॉम्ब पिकोकडे जाणार आहोत. कारण त्याला नोटरीकडून कळू नये, आमच्या तोंडून कळावे. आधी कोण बोलणार यावर आमचे अजून ठरलेले नाही.

ऊर्स-लिब्र येथे, वर्ष दुसरे, २० जर्मिनाल.

मृत्युपत्र करणार: एल्वा गार्नोतेल, ओतारी.

साक्षीदार: रोमें बोदुआँ, बेकरीवाला.

साक्षीदार: हिलेर देस्कॉम्ब, ओतारी. या कागदाने मला किंवा माझ्या घरच्यांना काहीही मिळत नाही. आधी मी बोलेन.

माझ्यासमोर: प्रोस्पेर गिमार, नोटरी. शेवटच्या साक्षीदाराने सहीपुढे लिहिलेले वाक्य कायद्याला लागणारे नाही, पण खोडलेले नाही.